घरीच शिकेकाई, उटणं, तेल अन् साबण : आपल्या विदर्भाच्या उन्हापाण्यात कसं करायचं

घरी काही बनवायचं म्हटलं की आधी मोबाईल उघडल्या जाते, अन् त्यात कोणीतरी बाई शिया बटर, टी ट्री ऑईल, डिस्टिल्ड वॉटर असं काय काय सांगत असते जे आपल्या तालुक्याच्या ठिकाणीही भेटत नाही, मग उत्साह तिथंच संपते. हे त्यांच्यासाठी लिहिते ज्यांनी आजपर्यंत काहीच बनवलं नाही, ज्यांच्याकडे फ्रीज असला तरी लाईनचा भरवसा नाही, अन् ज्यांचं सामान आठवडी बाजार, वावर अन् काष्ठौषधीचं दुकान यातूनच येते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, ती म्हणजे पाणी. ज्या वस्तूत पाणी गेलं ती नासते. बाजारच्या शाम्पू-क्रीममध्ये पाणीच जास्त असते पण त्यात प्रिझर्व्हेटिव्ह टाकलेलं असते म्हणून ते वर्ष-दोन वर्ष टिकते, आपल्याजवळ ते नाही. अन् आपल्याकडचा मे महिना म्हणजे 45 डिग्री, सकाळी केलेली पेस्ट संध्याकाळी वास मारते. म्हणून सरळ हिशोब असा ठेवा की कोरडी पावडर अन् निव्वळ तेल असलेलं जे काही आहे ते काही महिन्यांचं एकदम करा, अन् ज्यात पाणी, दही, दूध, रस, कोरफड आहे ते फक्त आजच्यापुरतं. वास बदलला, बुरशीचा एक ठिपका जरी दिसला, तर वरचं काढून खालचं वापरू नका, पूर्ण फेका. लोणच्याला आपण जितकं जपतो तितकं तरी चेहऱ्याला लावायच्या वस्तूला जपलंच पाहिजे.

तुमच्या विहिरीचं पाणी आधी तपासा

पाण्याचा दुसरा मुद्दा धुण्याचा. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूनं जो खारपाणपट्टा आहे, अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतला, म्हणजे दर्यापूर, तेल्हारा, संग्रामपूर या बाजूचे लोक वाचत असतील तं त्यांना सांगायची गरज नाही, साबण कितीही घासा फेस येत नाही अन् केस धुतल्यावर चिकट लागतात. बाकी ठिकाणी बोअरचं पाणी जड असते. जड पाण्यात कॅल्शियम अन् मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते साबणासोबत मिळून चिकट पांढरा साका बनतो, तोच बालटीच्या काठाला दिसतो अन् तोच केसात अडकतो. लोक मग साबण बदलत राहतात, तेल बदलत राहतात, शेवटी केसाच्या डॉक्टरकडे जातात.

टेस्ट सोपी आहे. एक पारदर्शक बाटली अर्धी भरा, त्यात साध्या अंगाच्या साबणाचा कीस टाका, शाम्पू किंवा लिक्विड नको, अन् जोरात हलवा. फेस टिकला अन् खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं तं पाणी हलकं. फेस बसला अन् पाणी दुधाळ, फुटल्यासारखं झालं तं पाणी जड. उकळून थोडा फरक पडते, गंजाच्या म्हणजे पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसते तेवढे क्षार कमी होतात, पण सगळे जात नाहीत. पावसाळ्यात मात्र चार-दोन पाऊस होऊन टिनाची धूळ वाहून गेली की पन्हाळीचं पाणी टाकीत धरा, केसाला त्याच्यासारखं पाणी नाही.

जड पाणी असलं तं केसासाठी साबण सोडून रिठा-शिकेकाईवर या. रिठ्यात अन् शिकेकाईत सॅपोनिन नावाचं द्रव्य असते, तेच फेस करते, अन् त्याचा साबणासारखा साका होत नाही. म्हणजे आपली बुढी लोकं शिकेकाईनं न्हायची ती काही उगाच नाही.

भांडी अन् सामान

जास्त काही लागत नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा घ्या, ऑनलाईन स्वस्तात भेटते, साबण करायचा असेल तं त्याच्याशिवाय सुरुवातच करू नका. स्टीलचा गंज, सराटा म्हणजे उलथनं, जुन्या सुती लुगड्याचा स्वच्छ धुतलेला तुकडा गाळायला, काचेच्या बरण्या. बरण्या उकळत्या पाण्यात टाकून उन्हात पालथ्या वाळवा, आत थेंबभरही ओल नको.

आता एक गोष्ट जी मोबाईलवाली बाई सांगत नाही कारण तिच्या घरी वावर नाही. फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली, डबकी, कितीही धुतली तरी कशालाच वापरायची नाही. अन् कपाशीच्या, सोयाबीनच्या, संत्र्याच्या बागेत जिथं फवारा मारला तिथला माका, कोरफड, फुलं, साली घ्यायच्या नाहीत. 2017 साली यवतमाळात फवारणी करता करता माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाह्यलं, तेच औषध घरात उटण्याच्या वाटीत यायला नको. परसातलं, बांधाच्या पलीकडचं, नाल्याकाठचं जे मारलेलं नाही तेच घ्या, अन् शेजाऱ्याला विचारून घ्या की तुमच्याकडून वाऱ्यानं इकडे काही आलं का.

कोणतीही नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, दोन दिवस थांबलात तं उत्तम. खाज, लाली आली तं ती वस्तू तुमच्यासाठी नाही, नैसर्गिक असली तरी. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असा समज डोक्यातून काढून टाका, खाजकुयली पण नैसर्गिकच आहे.

शिकेकाई पावडर, इथून सुरुवात करा

नवीन माणसानं पहिली वस्तू हीच करावी, कारण यात बिघडण्यासारखं काही नाही. प्रमाण असं धरा: शिकेकाई अर्धा किलो, रिठा पाव किलो, वाळलेला आवळा 100 ग्रॅम, मेथीदाणा 100 ग्रॅम, अन् परसात जास्वंद असेल तं त्याची वाळलेली पानं-फुलं मूठ दोन मूठ. केस कोरडे असतील तं रिठा कमी करा, तेलकट असतील तं जरा वाढवा, पण रिठा शिकेकाईपेक्षा जास्त करू नका, केस काथ्यासारखे होतात.

हे काम एप्रिल-मे मधे करून टाका. आपल्या उन्हाला लोक शिव्या देतात पण वाळवणाला असं ऊन कुठं नाही, पापड-कुरड्या टाकता तेव्हाच बाजूला एका धोतरावर हे पसरवा. रिठा फोडून आतली काळी बी काढून टाकायची, ती कडक असते, मिक्सरचं पातं खराब करते. शिकेकाईच्या शेंगा हातात घेऊन मोडल्या अन् कटकन आवाज आला म्हणजे वाळल्या, वाकल्या तं अजून एक दिवस. आवळा तुम्ही स्वतः वाळवणार असाल तं तो हिवाळ्यातच करून ठेवावा लागते कारण ताजा आवळा तेव्हाच येते.

दळायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. चक्कीवाला शिकेकाई घेत नाही, अन् त्याचं बरोबरच आहे, त्याच्यामागून ज्याचं गहू पडेल त्याची पोळी कडू होईल. घरच्या मिक्सरमध्ये थोडं थोडं फिरवा, नाही तं खलबत्त्यात ठेसा. नाकातोंडाला ओला रुमाल बांधा, हे मी कळकळीनं सांगते, ती धूळ नाकात गेली की शिंका थांबत नाहीत अन् दम्याच्या माणसाला तं त्या खोलीत येऊच देऊ नका. लहान पोट्ट्यांना अंगणात पाठवून द्या. दळलं की मैद्याच्या चाळणीतून चाळा, चाळणीवर राहिलेला जाडसर भाग फेकू नका, तो उकळून काढ्याला चालते.

न्हायच्या आधी तीन-चार चमचे पावडर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, किंवा सरळ पाच मिनिटं उकळून गाळून घ्या. मी गाळूनच घेते, नाही तं केसातून भुसा निघत राहते. डोक्यावर हळूहळू ओता, बोटांनी चोळा, डोळे घट्ट मिटा. रिठा डोळ्यात गेला तं बाप्पा, आग आग होते, लगेच साध्या पाण्यानं धुवत राहायचं. शाम्पूसारखा ढिगानं फेस येणार नाही, अन् पहिले काही आठवडे केस जडजड वाटतील, त्याला घाबरू नका.

पावडर पावसाळ्यात गठ्ठे धरते, कधी कधी कीड पण लागते. लहान लहान बरण्यात भरा म्हणजे एकच उघडी राहील, अन् ओला चमचा घालू नका.

जवसाचं जेल

केस विंचरताना गुंता सुटत नाही, लग्नाला जायचं आहे अन् केस बसत नाहीत, त्यासाठी बाजारात जेल भेटते ते घरात पडलेल्या जवसाचं होते. दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं, हलवत राहा, चमचा उचलला की तार धरायला लागलं की लगेच उतरवा अन् गरम असतानाच कपड्यातून पिळून घ्या. थंड झालं तं कपड्यातून निघत नाही, मग डोकं धरून बसा. यात पाणीच पाणी आहे, म्हणून उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवा, फ्रीज असेल तं चार-पाच दिवस.

जवसाचं तेल मात्र अंगाला-केसाला लावायसाठी साठवून ठेवू नका. ते लवकर खवट होते अन् वाळून चिकट पापुद्रा धरते, म्हणून तं ते ऑईल पेंटमध्ये वापरतात. अन् या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकते. चिंधी पसरवून बाहेर वाळवा.

कोरफडीचं पण आजचं आजच. पान कापलं की देठाकडची बाजू खाली करून एखाद्या वाटीत दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा, जो पिवळा चीक निघते तो खाज आणते, तो गेल्यावरच आतला गर काढा.

उटणं

दिवाळीला पुडीचं उटणं आणतो त्यात काय असते ते पुडीवर नीट लिहिलेलं नसते, घरी केलं तं किमान माहीत तरी राहते. मसूर डाळ पाव किलो, संत्र्याची वाळलेली साल 100 ग्रॅम, मुलतानी माती 100 ग्रॅम, नागरमोथा 50, गव्हला कचोरा 50, वाळा 25, आंबेहळद 25. डाळ किंचित गरम करून दळा म्हणजे बारीक होते. सगळं वेगवेगळं दळून, चाळून मग मिसळा, एकत्र दळलं तं वाळ्याचे धागे राहून जातात अन् अंगाला टोचतात.

संत्र्याच्या सालीची आपल्याकडे काय कमी, वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडे बहाराच्या दिवसात उकिरड्यावर पडलेली असते. फक्त साल कुठली घ्यायची ते पाहा. बागेत फवारा असतेच अन् तो सालीलाच लागते, म्हणून घरच्या किंवा ओळखीच्या झाडाचं असेल तं उत्तम, नाही तं फळ सोलायच्या आधी मिठाच्या पाण्यात चोळून दोनदा धुवा. अगदी खात्री नसेल तं साल टाकूच नका, उटणं त्याच्याशिवाय पण होते. साल सावलीत वाळवा, उन्हात वास उडते.

नागरमोथ्याची तं गंमत आहे. तोच लव्हाळा ज्याला वावरात आपण निंदून निंदून थकतो, त्याच्या मुळाशी ज्या काळ्या सुगंधी गाठी असतात त्या आपण काष्ठौषधीच्या दुकानातून पैसे देऊन आणतो. तणनाशक न मारलेल्या जागेतून खणा, धुवा, वरचे केस जाळून किंवा चोळून काढा, वाळवा.

हळदीबद्दल सांगते, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तिचा रंग फार गडद असते, म्हणून खायला ती अन् उटण्याला आंबेहळद असं वेगळं ठेवा. साधी हळद जास्त झाली तं दोन दिवस चेहरा पिवळा फिरतो, वरून टॉवेलही जाते.

वापरताना वाटीत दोन चमचे काढायचं, तेव्हाच त्यात दूध किंवा पाणी घालायचं. बरणीत ओलं काही घालायचं नाही. चेहऱ्यावर कडक वाळू देऊन खरडू नका, अर्धवट ओलं असतानाच हलक्या हातानं काढा. अन् मुरुम फुटलेले असतील तं चेहऱ्याला उटणं नकोच.

माक्याचं तेल

हे जरा वेळेचं काम आहे, पण जमलं की दरवर्षी कराल. माका पावसाळ्यात पाटाच्या कडेला, धानाच्या बांधीजवळ, नाल्याकाठी भरपूर उगवते, पांढरी बारीक फुलं, अन् देठ चुरगाळला की हाताला काळपट रंग लागते, तोच माका. ओळख पक्की नसेल तं गावातल्या कोण्या म्हाताऱ्या माणसाला दाखवून घ्या.

आयुर्वेदात तेल सिद्ध करायचं प्रमाण ठरलेलं आहे, वाटलेली वनस्पती एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. घरच्या हिशोबात: पाव किलो तिळाचं तेल, 60 ग्रॅम वाटलेला माका, अन् एक लिटर माक्याचा रस. रस एवढा निघत नसेल तं माका चौपट-पाचपट पाण्यात उकळून आटवून काढा करा अन् तो घ्या. तेल घाणीचं घ्या, वासाचं रंगवलेलं नको. तीळ नसेल तं खोबरेल चालते, हिवाळ्यात गोठते एवढंच.

जाड बुडाच्या स्टीलच्या गंजात तिन्ही एकत्र करा अन् अगदी मंद आचेवर ठेवा. गंज निम्मा रिकामा राहिला पाहिजे कारण हे उसळून वर येते. चुलीवर करत असाल तं जाळ काढून फक्त इंगळावर ठेवा. सुरुवातीला नुसता रस्सा उकळल्यासारखं दिसते, दोन-तीन तास काहीच होत नाही असं वाटते, घाई करून जाळ वाढवाल तं बुडाशी लागून तेलाला जळका वास येईल. सराट्यानं बुड खरवडत राहा. हळूहळू पाणी आटते, बुडबुडे लहान होतात, माक्याचा चोथा आधी चिखलासारखा असते, मग चिकट होते, मग बोटात घेऊन वळला की त्याची वात वळल्या जाते. अन् त्याच सुमाराला वर फेस येतो.

आता बघा इथं परत पाणीच आलं. चोथ्याची ती वात चिमट्यात धरून इस्तवावर नेऊन पाहा. तडतड वाजली तं आत पाणी आहे, अजून ठेवा. न वाजता गुपचूप जळली तं पाणी संपलं, लगेच उतरवा. यापुढे पाच मिनिटं जरी ठेवलं तरी चोथा कडक होऊन तेल करपते. ही परीक्षा जुनी आहे अन् थर्मामीटरपेक्षा भरवशाची आहे. कोमट असताना कपड्यातून गाळा, पिळा, कोरड्या काचेच्या बाटलीत भरा, अंधाऱ्या जागी ठेवा. पाणी राहिलं नसेल तं हे तेल सहा महिने तरी आरामात जाते.

केस उगवतील का, असं सगळ्या बायका विचारतात. टक्कल असलेल्या जागी केस उगवत नाहीत, हे स्वच्छ सांगते. केस मऊ राहतात, तुटणं कमी होते, डोक्याला बरं वाटते. केस झपाट्यानं गळत असतील तं रक्त तपासून घ्या, आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं फार आहे अन् ते तेलानं भरून निघत नाही.

टाचेच्या भेगांचं मलम

निंदण, कापूस वेचणी, धानाची रोवणी, पाय कधी चिखलात कधी तापल्या ढेकळात, भेगा पडणारच. 100 ग्रॅम तेल अन् 20 ग्रॅम मधाच्या पोळ्याचं मेण, एवढंच लागते. उन्हाळ्यात मेण 30 ग्रॅम करा, नाही तं टिनाच्या घरात डबीतच विरघळून बसते. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडे असाल तं टोळीचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल घ्या, जाडसर असते, थंडीत स्वतःच गोठते, भेगांना चांगलं. वास उग्र असते, पायाला कोण हुंगायला येते. बाकीच्यांनी तीळ किंवा खोबरेल.

मेण किसून तेलात टाका अन् ते भांडं उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, सरळ जाळावर नको. एक थेंब थंड ताटलीवर टाकून दोन मिनिटांनी बोट लावून पाहा, फार कडक असेल तं तेल वाढवा, पातळ असेल तं मेण. डबीत ओता, थंड झाल्यावरच झाकण लावा, नाही तं आतून वाफेचं पाणी धरते. रात्री पाय धुवून, कोरडे करून लावा अन् जुने मोजे घाला. भेगेतून रक्त येत असेल किंवा शुगर असेल तं हे घरचं करत बसू नका, दवाखाना करा.

मंजन मी करत नाही अन् करा असंही सांगत नाही. राख, कोळसा, मीठ यानं दात पांढरे दिसतात कारण वरचा थर घासल्या जातो, तो परत येत नाही. तंबाखूची मिसरी, गुडाखू हे तं मंजन नाहीच, व्यसन आहे. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावून घासा, सोबत साधी पेस्ट ठेवा.

हे करू नका

उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती पूड डोळ्यात गेली तं बुबुळाला जखम होते, दिसणं कमी होऊ शकते, अन् लेकराच्या डोक्यावरून ती घामासोबत डोळ्यात जातेच. उवांना तेल लावून बारीक फणीनं रोज विंचरणं, हेच. लिंबू कापून चेहऱ्याला घासून उन्हात जाऊ नका, काळे डाग अन् फोड येतात, अन् उन्हापासून आपली सुटका कुठं आहे. खाण्याचा सोडा चेहऱ्याला नको. कापराचं तेल तान्ह्या लेकराला नाकाजवळ, छातीवर लावू नका. अन् मेंदी नैसर्गिक असेल तं तिचा रंग लालसर-तपकिरीच येते, जी पुडी दहा मिनिटात काळे करते त्यात केमिकल आहे, मग पुडीवर कितीही पानं-फुलं छापली असोत.

साबण, पण वरचं सगळं जमल्यावर

साबण म्हणजे तेल अन् कॉस्टिक सोडा, दुसरं काही नाही. सोड्याशिवाय साबण होत नाही, जो म्हणते की माझ्या साबणात सोडा नाही तो तयार साबणाचा बेस वितळवून साच्यात ओततो. साबण नीट बनला, मुरला की मोकळा सोडा त्यात उरत नाही. पण बनवताना तो कातडी जाळते, डोळा घालवू शकते, म्हणून घरात रांगतं लेकरू असेल तं हे काम टाळा.

नवीन माणसासाठी एकाच तेलाचा साबण सांगते, निव्वळ खोबरेलचा. तेल बाहेरून विकत घ्यावं लागते हे खरं, पण दोन कारणं आहेत. एक, हिशोब सोपा राहते. दुसरं, खोबरेलचा साबण जड पाण्यातच काय, खाऱ्या पाण्यातही फेस देते, समुद्रावरचे खलाशी म्हणून हाच वापरायचे, तेव्हा खारपाणपट्ट्यात यासारखा साबण नाही.

खाण्याचं शुद्ध खोबरेल 500 ग्रॅम, कॉस्टिक सोडा 73 ग्रॅम, पाणी 165 ग्रॅम. सगळं वजनावर, पाणी अन् तेल पण, मापानं नाही. यात तेल मुद्दाम जास्त ठेवलं आहे, सोड्याला पुरेल त्याच्यापेक्षा पाचव्या हिश्श्यानं, कारण नुसतं खोबरेल कातडी फार कोरडी करते. तेल बदललं तं सोड्याचं वजन बदलते, प्रत्येक तेलाचं वेगळं असते, म्हणून अंदाजानं फल्लीचं किंवा सरकीचं तेल यात घालू नका. सोडा ताजा, सीलबंद, लेबलवर कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साईड लिहिलेला घ्या, धुण्याचा सोडा वेगळा.

जर्मनचं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चुकूनही नको, सोडा त्याला खाते अन् पेट घेणारा वायू निघते. स्टील किंवा जाड प्लास्टिक. हातात रबरी मोजे, डोळ्याला चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे. अंगणात किंवा ओसरीत, वारा तुमच्या पाठीकडून येईल असं बसा. आधी भांड्यात माठातलं गार पाणी, मग त्यात सोडा थोडा थोडा टाकत हलवायचं. उलटं कधीच नाही, सोड्यावर पाणी ओतलं तं ते उसळून तोंडावर येते. मिश्रण एकदम कढत होते, वाफ नाकात घेऊ नका, बाजूला सरका. अंगावर उडालं तं धो धो पाण्यानं धुवा, लिंबू-व्हिनेगर चोळू नका. डोळ्यात गेलं तं वीस मिनिटं धुवत राहा अन् सरळ दवाखाना.

तेल अन् सोड्याचं पाणी दोन्ही कोमट झाले, बाहेरून भांड्याला हात लावला तं सोसेल इतके, की सोड्याचं पाणी गाळणीतून तेलात ओता अन् ढवळा. हँडब्लेंडर असेल तं काही मिनिटात होते, स्टीलच्या रवीनं अर्धा-एक तास हात दुखवावा लागते. आधी पिवळसर पारदर्शक दिसते, मग धुरकट, मग कढीसारखं दाट. रवी उचलून वरून थेंबांची रेघ ओढली अन् ती रेघ वरच दिसत राहिली, लगेच बुडाली नाही, की साच्यात ओता. साचा म्हणजे प्लास्टिकचा डबा, आतून बटर पेपर लावून. वरून गोणपाटानं झाका.

खोबरेलचा साबण फार लवकर कडक होते, तीन-चार तासांनी बोट दाबून पाहा, घट्ट पण दबण्यासारखा असतानाच वड्या कापा. रात्रभर ठेवला तं सुरीखाली भुगा होते. कापताना पण मोजे घाला, सोडा अजून जिवंत असते. मग सावलीत, वाऱ्यावर, वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून चार ते सहा आठवडे ठेवा, पावसाळ्यात दोन आठवडे जास्त. शेवटी पीएच पट्टी (आंबट-खारेपणा म्हणजे आम्ल-अल्कली दाखवणारा कागद) ओल्या वडीला लावून पाहा, 9 ते 10 आली तं ठीक, 11 च्या वर असेल तं अंगाला नाही. साबणाची भांडी, रवी परत स्वयंपाकात वापरू नका.

कोणाला बसून शिकायचं असेल तं वर्ध्याला मगनवाडी आहे, जिथं 1934 साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला, आज तिथं महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था चालते, चौकशी करून जा.

विकायचं मनात आलं तं

दोन शेजारणींना दिलं, त्यांना आवडलं, की बचत गटात विषय निघतेच की आपण विकू. घरच्यापुरतं करणं वेगळं अन् विकणं वेगळं. अंगाला, केसाला, चेहऱ्याला लावायचं जे काही विकायसाठी बनते त्याला 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होते, त्याखाली 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत, अन् बनवायचं लायसन अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावं लागते. जागा, भांडी, पाणी, लेबल, बॅच नंबर, सगळं पाहतात. म्हणून गटानं आधी जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन काय काय लागते ते कागदावर लिहून आणावं, मगच डब्या अन् स्टिकर छापायला टाकावे, काऊन की उत्साहात स्टिकरच आधी छापल्या जातात.